‘कसं होतं तिकडे?’

एका तरुण ब्रदरचं पत्र आलं आहे. वय २६. गुरुविद्यालयातल्या, म्हणजे फादर होण्याच्या, शिक्षणाच्या मधली दोन वर्षं तो घानामध्ये मिशनवर होता, सहा महिन्यांपूर्वी परतला. तो लिहितो: ‘फादर, घरी, धर्मग्रामात, लग्नात, जो भेटतो तो विचारतो, कसं होतं तिकडे? मी काहीतरी सांगतो, लोक खूश होतात, आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे मी तिथे काय केलं तेच मला कळत नाही. शाळेत शिकवलं, चर्चमध्ये मिस्सेला गिटार वाजवली, दोनदा मलेरिया झाला. ती वर्षं वाया गेली का? तुम्ही पण तरुणपणी गेला होतात. तुम्हाला कधी कळलं?’

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मी १९९५ मध्ये परतलो आणि मला कळलं २०११ मध्ये. मधली सोळा वर्षं मी तिकडच्या गोष्टी सांगत फिरलो. रंगवून सांगायचो, लोक पुन्हा बोलवायचे. तुला निदान सहाव्या महिन्यात खटकायला लागलं. मला कधी खटकलंच नाही.

मीही तुझ्यासारखाच मधल्या वर्षांत गेलो. तत्त्वज्ञान संपलं होतं, ईशज्ञान सुरू व्हायचं होतं, वय २५. पत्रात ‘पापुआ न्यू गिनी’ असं आलं तेव्हा वसईतल्या नंदाखालच्या घरी भावाचा शाळेचा नकाशा काढून देश शोधला, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर सापडला. आजी म्हणाली, ‘गोन्सालोसारखा चाललास.’ वसईतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला हे ऐकावं लागतं. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मला, कोवळ्या वयात जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी २५ जणांबरोबर क्रूसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. भारतात जन्मलेला तो पहिला संत. आमच्या डोळ्यांपुढे असायचा तो भाल्यांनी भोसकलेला गोन्सालो. त्याच्या आयुष्याचा मधला भाग मात्र कुणी सांगत नसे. जपानमध्ये तो येशूसंघाच्या (जेजुइट) फादरांच्या हाताखाली कातेकिस होता, म्हणजे धर्मशिक्षक. संघात घ्या म्हणून विनवत राहिला, घेतलं नाही. मग व्यापारात पडला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि पुन्हा जपानला गेला तो दुभाषा म्हणून, कारण त्याच्याबरोबरच्या फादरांना जपानी येत नव्हतं आणि त्याला येत होतं. हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं असतं, तर विमानात हुतात्मा व्हायची स्वप्नं बघण्याऐवजी मी शब्द पाठ करत बसलो असतो.

मला सेपिक नदीकाठी ठेवलं. अकराशे किलोमीटरहून लांब नदी. वेवाक या किनाऱ्यावरच्या गावाहून अंगोरामपर्यंत ट्रकने जायचं, पुढे रस्ताच नाही, सगळं होडीने. घरं खांबांवर. पावसाळ्यात पाणी घराखाली येतं आणि शेजाऱ्याकडे विस्तव मागायलासुद्धा होडी लागते. डासांबद्दल तुला सांगायला नको. जेवण म्हणजे साकसाक आणि धुरावलेला मासा. साकसाक म्हणजे सागो. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, पण सागो हे नाव ज्या ताडासारख्या झाडाचं, ते हे. खोडाचा गाभा कुटायचा, पाण्याने धुऊन त्यातलं पीठ खाली बसू द्यायचं, बायकांचा अख्खा दिवस त्यात जातो. ते पीठ उकळत्या पाण्यात ढवळलं की पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखं होतं. पहिला आठवडा मी डोळे मिटून गिळलं. समोर बसलेल्या बाईचा तो अख्खा दिवस मी गिळतोय, हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नाही.

भाषेत मी लवकर पुढे गेलो आणि तिथेच फसलो. त्या देशात आठशेहून अधिक भाषा आहेत आणि त्यांना जोडणारी टोक पिसिन. मराठी माणसाला ती पटकन बसते. ‘आपण’ला ‘युमी’, ‘आम्ही’ला ‘मिपेला’. आमच्या मिशन-स्टेशनवरचे म्हातारे जर्मन फादर चाळीस वर्षांनीही कधीकधी अडखळत, त्यांच्या भाषेत हा फरकच नाही. आपल्याला तो घोटीव येतो. शिवाय तिथे सगळ्या भावना पोटात राहतात, आपल्यासारख्याच. दुःख म्हणजे ‘बेल हेवी’, पोट जड. पश्चात्ताप म्हणजे ‘तानिम बेल’, पोट फिरवणं. तिसऱ्या महिन्यात मी बिनकागदाचा बोलायला लागलो आणि फुशारलो. एका रविवारी मिस्सेनंतर उभा राहून म्हणालो, युमी शाळेची नवी खोली बांधू या, युमी एकत्र राबू या. बाहेर आल्यावर आमचा कातेकिस शांतपणे म्हणाला, ‘ब्रुदा, बोलताना तू युमी असतोस. लाकूड तोडायला जंगलात जाताना मिपेला.’

त्या वेळी मी हसलो.

गावाची स्वतःची भाषा मी शिकलोच नाही. याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मला कळायला हवं होतं. आमच्या घरी कादोडी ही वसईकडची बोली बोलतात. माझी आजी फादरांशी मराठी बोलायची, जपून, पाव्हण्यासाठी काढलेल्या कपबशीसारखी. तिचं रडणं, भांडणं, शिव्या, गाणी, सगळं कादोडीत. फादरांना ती आजी कधी भेटलीच नाही. सेपिकच्या म्हाताऱ्या बाया माझ्याशी टोक पिसिनमध्ये तसंच चार शब्द बोलायच्या आणि मला वाटायचं, बायका मितभाषी आहेत.

आता किल्लीबद्दल. परत आलेला कुणीही माझ्याकडे येऊन बसला की मी आधी विचारतो, तिथे किल्ली कुणाकडे होती? पोरं गोंधळतात, त्यांना वाटतं फादर प्रार्थनेबद्दल विचारतील. माझ्याकडे कोठीघराची किल्ली होती. कोठीघरात पेट्रोलचं पिंप, औषधं, तांदूळ, मीठ, टिनातले मासे. घरी २५ वर्षांच्या मला आई बाजाराची पिशवी सोडून काही सोपवत नसे. तिथे पन्नाशीचे बापे दाराशी उभे राहून माझ्याकडे लिटरभर पेट्रोल मागायचे. एकदा एका मयताला नातेवाईक आणायचे म्हणून होडीसाठी पेट्रोल मागितलं. नियम होता, मिशनच्या कामाखेरीज द्यायचं नाही. मी दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच पेट्रोलवर अंगोरामला जाऊन आलो, टपाल बघायला. घरचं पत्र येणार होतं. ते मिशनचं काम होतं असं मी स्वतःला सांगितलं, आणि खरं सांगतो, ते सहज पटलं.

तुझ्या पत्रात गिटार आहे, मलेरिया आहे, किल्ली नाही. होती का?

मला मलेरिया झाला तो दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, नदी भरलेली असताना. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी मी बरळायला लागलो. स्टेशनवर दुसरं कुणी नव्हतं, म्हातारे फादर वेवाकला गेले होते, मोटर बिघडलेली. कातेकिसने मला होडीत निजवलं आणि रात्रभर वल्हवत खालच्या गावातल्या आरोग्य केंद्रात नेलं. मला आठवतात ते तारे, कडेने वाहत गेलेलं गवताचं एक तरंगतं बेट, आणि त्याचं अधूनमधून अंगावर पाणी शिंपडणं. पहाटे सुई टोचली, चार दिवसांनी उठून बसलो.

पुढच्या जानेवारीत पोप जॉन पॉल दुसरे पोर्ट मोर्सबीला आले आणि १७ जानेवारी १९९५ रोजी त्यांनी पीटर तो रोट यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. सेपिकहून पोर्ट मोर्सबीला रस्ता नाही, विमानाला पैसे नाहीत, म्हणून आम्ही व्हरांड्यात रेडिओभोवती बसलो. पीटर तो रोट न्यू ब्रिटन बेटावरच्या राकुनाई गावचे. चारच महिन्यांपूर्वी त्या बेटावरचं राबाउल शहर ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांना ते नाव ओळखीचं झालेलं. महायुद्धात जपान्यांनी तिथल्या परदेशी मिशनऱ्यांना कैदेत टाकलं. आमच्या बाजूच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मिशनरी तर १९४३ च्या मार्चमध्ये एका जपानी युद्धनौकेवर मारून समुद्रात टाकले गेले, बिशप लोर्क्स त्यांच्यात होते. राकुनाईत फादर उरले नाहीत तेव्हा पीटर तो रोट या कातेकिसने लोकांना प्रार्थनेला जमवलं, बाळांना स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) दिला, लग्नं लावली, आजाऱ्यांना सांभाळलं. दुसरी बायको करण्याची जुनी रीत जपान्यांनी पुन्हा चालू केली, तिला त्याने उघड विरोध केला. १९४५ च्या जुलैमध्ये कैदेत विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं. वय ३३.

आमचा कातेकिस रेडिओजवळ उकिडवा बसला होता. मध्येच त्याने मला विचारलं, ‘याचं लग्न झालं होतं?’ हो. ‘मुलं?’ तीन. तो मान हलवत राहिला. त्या आठवड्यात होडी बांधताना, मासे साफ करताना, तो जो भेटेल त्याला सांगत होता: कातेकिस, बायको, तीन मुलं. मला वाटलं, भोळा माणूस आहे, किती आनंद झालाय. त्याला काय ऐकू आलं ते मला ऐकू आलं नाही. कारण मी अजून भाला भोसकलेला गोन्सालो शोधत होतो, आणि तो माझ्या शेजारी मासे साफ करत होता.

मग परतलो. परतल्यावरचं तुला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रिक्षाचा आवाज सहन होत नव्हता. लग्नात उरलेलं इंदेल टाकून देताना बघून मी मामाशी भांडलो. शेजारच्या काकूंनी एकादशीची खिचडी आणून दिली तर ताटली हातात घेऊन बसून राहिलो, आईला वाटलं आवडली नाही. हे सगळं जातं, वर्षभरात जातं. गेलं नाही तर कुणाशी तरी बोल, डॉक्टरशीसुद्धा. त्यात कमीपणा नाही.

टिकली ती गोष्ट. धर्मग्रामाच्या हॉलमध्ये स्लाइड शो ठेवला. पाठीवर मगरीच्या खवल्यांसारखे व्रण कोरून घेतलेले तरुण, पिसांचे मुकुट, उंच टोकदार छपराचं पुरुषांचं घर. कुणीतरी विचारलं, माणसं खातात का अजून? हॉल हसला. मी ‘नाही हो’ म्हणालो, पण एवढा थांबून म्हणालो की लोक आणखी पुढे सरकले. मग नदीवरची रात्र सांगितली. नदी, तारे, ताप आणि प्रभूचा हात. बायका डोळे पुसत होत्या. देणगीची पेटी भरली, पैसे सेपिकलाच गेले, त्यात खोट नाही. त्या पहिल्या दिवसापासून मी ती रात्र ऐंशी-नव्वद वेळा तरी सांगितली असेन. साधना-शिबिरांत, शाळांत, माझ्या दीक्षेच्या समारंभातही. दर वेळी ती थोडी गुळगुळीत होत गेली. तिच्यातला कातेकिस कधी ‘एक स्थानिक नावाडी’ झाला, मला कळलंही नाही.

२०११ मध्ये कामाने पोर्ट मोर्सबीला गेलो आणि सवड काढून सेपिकला उतरलो. म्हातारे फादर कधीच गेले होते. कातेकिस होता, केस पिकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्याच्या बायकोने साकसाक वाढलं. बोलता बोलता कुठल्याशा वर्षाचा विषय निघाला आणि ती म्हणाली, ‘ते आमचं मोठं डुक्कर गेलं ते वर्ष.’ कुठलं डुक्कर? तिला आश्चर्य वाटलं. तुझ्यासाठी दिलेलं, म्हणाली.

झालं होतं असं. मी तापात बरळत होतो त्या रात्री त्यांच्या घरी हाउस क्राई चालू होता. तिचा मामा वारला होता. तिकडे मयत झालं की नातलग एकत्र बसतात, रात्र रात्र रडतात, आणि जवळच्या माणसाने मधून उठून जाणं हा मेलेल्याचा आणि जिवंतांचाही अपमान. जावई उठून गेला, कुणासाठी, तर परक्या पोरासाठी. तिच्या माहेरच्यांनी बोलणं टाकलं. ते मिटवायला त्याने मोठं डुक्कर दिलं. डुक्कर म्हणजे तिथे काय, हे घानात बकरी म्हणजे काय हे बघितलेल्या तुला समजेल. वर्षानुवर्षांची पुंजी. हे सगळं मी तिथे असताना, माझ्या नाकासमोर, पण गावाच्या भाषेत घडलं. मला कुणी सांगितलं नाही. मी किल्ली घेऊन फिरत होतो.

आणि पेट्रोल मी ज्या मयताला नाकारलं होतं, ते त्याच घरचं का, हे मी तिला विचारलं. नाही, म्हणाली, ते वेगळं. तुला खोटं वाटेल, पण मला एवढ्यावरच हायसं वाटलं.

तेव्हा ‘वाया गेली का’ हा हिशेब तू चुकीच्या वहीत मांडतोयस. तू किती शिकवलंस, किती बदललंस, हे आणखी चाळीस वर्षांनीही तुला कळणार नाही, आणि बहुधा ते फारसं नसेलही. दोन वर्षांत होतं काय? तुझ्यावर कुणी काय खर्च केलं ते मात्र शोधता येतं, अजून माणसं जिवंत आहेत तोवर. तुला दोनदा मलेरिया झाला. रात्री कोण बसलं होतं? त्या रात्री त्याच्या घरी काय चाललं होतं? औषधाचे पैसे कुणी दिले? हे तुला आज येत नसेल तर विचार. पत्राने, फोनवरून, कसंही. मी सोळा वर्षं थांबलो कारण मला वाटत होतं मला सगळं आठवतंय.

लोकांना काय सांगायचं? लग्नाच्या मांडवात विचारणाऱ्याला एवढंच पुरे: माणसं चांगली होती, त्यांनी मला सांभाळलं. हे खरं आहे आणि त्याला जेवायला जायची घाई असते. जो दुसरा प्रश्न विचारेल त्याला आणखी थोडं सांग. दुसरा प्रश्न विचारणारे फार कमी असतात, तीन-चार. व्यासपीठावरून बोलायला बोलावलं तर वर्षभर नाही म्हण. आता माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगतो आणि त्यांच्या वरिष्ठांना ते आवडत नाही, कारण नव्या उत्साहाचा माणूस बोलला की देणग्या येतात. पण श्रोत्यांना काय हवं असतं ते तुलाही कळलंय: जनावरं, गरिबी आणि चमत्कार. ते द्यायला लागलास की महिन्याभरात तुझ्याकडे दुसरं काही उरत नाही. फोटो दाखवायचेच असतील तर ज्यांचं नाव तुला येतं तेवढ्यांचेच दाखव. माझ्या १४० स्लाइडपैकी असे किती निघाले, ते सांगायला लाज वाटते.

आणखी एक, वचनं. निघताना आपण सगळ्यांना हो म्हणतो. फुटबॉल पाठवीन, फी भरीन, नक्की परत येईन. एका पोराची वर्षाची फी मी भरतो म्हणालो होतो आणि मुंबई विमानतळावर उतरेपर्यंत विसरलो होतो. वही घे, आठवेल ते लिही. जमेल ते कर. न जमणारं असेल त्याला स्पष्ट कळव की जमणार नाही. तो वाट बघत असतो. तू विसरलास म्हणून तो विसरत नाही.

पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलंयस की पुढे शिकावं की घरी जावं हेही आता कळत नाही. ते वेगळं पत्र आहे, सवडीने ये, वाडीत बसून बोलू. माझ्याबरोबर परतलेल्यांपैकी काही जण सोडून गेले आणि उत्तम बाप झाले. पीटर तो रोट हाही बाप होता. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी रोममध्ये त्याला संतपद मिळालं तेव्हा मी मोबाइलवर बघत होतो. त्या देशाचा पहिला संत, आणि तिथे गेलेल्या आम्हा मिशनऱ्यांपैकी कुणी नाही.

डुकराचं राहिलं. २०११ मध्ये मी त्याला पैसे देऊ केले. तो म्हणाला, ‘मास्की’, म्हणजे जाऊ दे. बायको म्हणाली, मास्की नाही, आणि दोन हात पसरून डुक्कर केवढं होतं ते दाखवलं. दोन दिवस होडीने फिरून एक विकत घेतलं. तेवढं मोठं मिळालं नाही. तिने ते मला सांगितलं, मग तिच्या माहेरच्यांनाही सांगितलं, सगळ्यांसमोर, त्यांच्या भाषेत. या वेळी मी शेजारच्या पोराला विचारून घेतलं, काय म्हणाली ते.